मदत हवी आहे: शाळाशाळांत विभागलेली मुलं आणि मल्टिलेव्हल मॉडेल

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात पीएचडी करते आहे. संख्याशास्त्र म्हणाल तर एम.एड.ला जेवढं झालं तेवढंच, पुढचं स्वतःच वाचत शिकते आहे.

विषय चौथीच्या मुलांच्या मराठी वाचनाचा. एका तालुक्यातल्या ५ केंद्रांमधल्या (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) २४ शाळा घेतल्या. प्रत्येक केंद्रात चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळा काढल्या आणि त्या १२ शाळांतल्या शिक्षकांना गटवाचनाचं प्रशिक्षण दिलं. बाकीच्या १२ शाळांत नेहमीसारखंच शिकवणं चालू राहिलं. मुलं एकूण ३८६. जुलैमध्ये ५० गुणांची वाचन चाचणी घेतली (दोन्ही गट सुरुवातीला सारखेच होते हे दाखवायला) आणि मार्चमध्ये पुन्हा घेतली.

मार्गदर्शकांनी टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींमधला फरक तपासणारी चाचणी) करायला सांगितली. केली. मार्चच्या गुणांत प्रशिक्षणाच्या शाळा ३ गुणांनी पुढे, पी (खरा परिणाम नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.००३. मला खूप आनंद झाला होता. पण मनात एक गोष्ट टोचत होती. एका शाळेतल्या सोळा मुलांना गुरुजी एकच, वर्ग एकच, वस्तीही बहुतेक एकच. ती सोळा वेगवेगळी, एकमेकांशी संबंध नसलेली मुलं आहेत असं टी-टेस्टला सांगायचं, हे मला पटेना. म्हणून 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एलएमई-फोर हे पॅकेज वापरून मल्टिलेव्हल मॉडेल (मुलं शाळांत विभागलेली आहेत हे धरणारं) केलं आणि शाळेला रँडम इंटरसेप्ट दिला, म्हणजे प्रत्येक शाळेची पातळी वेगळी असू दिली. आयसीसी, म्हणजे गुणांतल्या एकूण फरकापैकी शाळाशाळांमधल्या फरकाचा वाटा, आला ०.३१. फरक तेवढाच, ३ गुण, पण पी गेलं ०.२२ वर.

आता माझे प्रश्न.

माझं काही चुकलंय का, की टी-टेस्टच चुकीची होती? मार्गदर्शकांना हे कसं समजावू?

केंद्र हा तिसरा स्तर म्हणून घातला तर 'सिंग्युलर फिट' असा इशारा येतो. याचा अर्थ काय?

आईचं शिक्षण हा घटक घातला, तर त्यातून शाळेची सरासरी वजा केल्यावर गुणक (त्या घटकाचा परिणाम किती ते सांगणारा आकडा) वेगळा येतो आणि न करता वेगळा. खरा कोणता?

दोन शाळांत चौथीला चारच मुलं आहेत. त्या वगळू का? त्या मुलांकडे पाच-सहा किलोमीटर चालत जाऊन चाचण्या घेतल्या आहेत, वगळायला जीव होत नाही.

प्रतिसाद १

ताई, तुमचं चुकलेलं नाही. हिशेब करून बघा. सरासरी १६ मुलांची शाळा आणि आयसीसी ०.३१, म्हणजे डिझाइन इफेक्ट (मुलं गटागटांत असल्यामुळे माहिती किती पटींनी कमी होते ते) १ + १५ × ०.३१, साधारण ५.७. तुमच्या ३८६ मुलांमधली माहिती सुमारे ६८ स्वतंत्र मुलांएवढीच आहे. टी-टेस्टने ती ३८६ची धरली, म्हणून स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) खऱ्याच्या निम्म्याहूनही लहान दिसली. प्रशिक्षण शाळेला दिलंत, मुलाला नाही. चिठ्ठ्या २४च होत्या.

मार्गदर्शकांना ब्रिटनमधला एक किस्सा सांगा. नेव्हिल बेनेट यांनी १९७६ मध्ये अध्यापनाच्या शैलींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. औपचारिक पद्धतीच्या वर्गांतली मुलं जास्त प्रगती करतात, असा निष्कर्ष होता आणि त्यावर तिकडे मोठा गदारोळ झाला. पुढे १९८१ मध्ये मरे एटकिन यांनी मुलं वर्गावर्गांत बांधलेली आहेत हे धरून तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही. त्या फेरतपासणीच्या लेखकांत बेनेट स्वतः होते. मला या सगळ्या क्षेत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

केंद्रं ५च आहेत. पाच आकड्यांवरून केंद्राकेंद्रांमधला व्हेरियन्स (चढउतार) काढायला मॉडेलकडे पुरेसं काही नाही, म्हणून तो शून्यावर जाऊन बसला. इशाऱ्याचा अर्थ एवढाच. चिठ्ठ्या केंद्रनिहाय टाकल्यात, तेव्हा केंद्र सोडू नका, फिक्स्ड म्हणून घाला, म्हणजे प्रत्येक केंद्राला स्वतःचा ठरावीक गुणक द्या. शाळा कमी असल्यामुळे रेमल (गट कमी असताना व्हेरियन्सचा अंदाज जास्त नीट काढणारी पद्धत) वापरा आणि पी केनवर्ड-रॉजर पद्धतीने (कमी गटांसाठीची दुरुस्ती) काढा.

चार मुलांच्या शाळा अजिबात वगळू नका. ज्या शाळेकडे माहिती कमी, तिचा अंदाज मॉडेल एकूण सरासरीकडे ओढून घेतं. तुमच्या आयसीसीवर चार मुलांच्या शाळेच्या स्वतःच्या सरासरीला साधारण ०.६४ वजन मिळेल, चाळीस मुलांच्या शाळेला ०.९५. ती पायपीट वाया गेलेली नाही.

प्रतिसाद २

आईच्या शिक्षणाबद्दल: दोन्ही गुणक खरे आहेत, प्रश्न वेगळे आहेत. एकाच वर्गात, जास्त शिकलेल्या आईचं मूल शेजारच्या मुलापेक्षा किती पुढे, हा एक. जिथे बहुतेक आया शिकलेल्या आहेत अशी शाळा दुसऱ्या शाळेपेक्षा किती पुढे, हा दुसरा. सरासरी वजा न करता एकच गुणक काढला की दोन्हींची भेसळ होते. मुलाचा फरक आणि शाळेची सरासरी, दोन्ही वेगवेगळे घाला.

पण मला खरा प्रश्न पडला तो जुलैच्या चाचणीचा. ती नुसती तक्त्यात दाखवून का सोडलीत? मॉडेलमध्ये घ्या ना! शाळाशाळांमधला बराचसा फरक जुलैतच असतो. तो बाजूला काढला की उरलेल्यात प्रशिक्षणाचा परिणाम स्पष्ट दिसू शकतो. मुलाचे जुलैचे गुण आणि शाळेची जुलैची सरासरी, दोन्ही.

सरावाला अमेरिकेतला 'हायस्कूल अँड बियाँड'चा प्रसिद्ध डेटा घ्या: १६० शाळा, ७,१८५ विद्यार्थी, गणिताच्या गुणांचा आयसीसी साधारण ०.१८. तो आकडा तुम्हाला स्वतः काढता आला की रिकामं मॉडेल (कोणताही घटक न घातलेलं) समजलं म्हणायचं. ब्रिस्टल विद्यापीठाचा 'लेमा' हा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे, पायरीपायरीने शिकवतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बसून केलं. केंद्र फिक्स्ड, जुलैचे गुण दोन्ही स्तरांवर. शाळांमधला व्हेरियन्स खूपच उतरला. प्रशिक्षणाचा फरक आता २.६ गुण, ९५ टक्के अंतराल (खरा फरक ज्या टप्प्यात असावा असा अंदाज) उणे ०.३ ते ५.५.

शून्य अजून आतच आहे, पण आधी हेच अंतराल उणे २ ते ८ होतं. मी हेच लिहिणार आहे, टी-टेस्टचा ०.००३ नाही. आज मार्गदर्शकांना बेनेटांचा किस्साही सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन्ही विश्लेषणं शेजारीशेजारी मांडून आण म्हणाले.

आता एकच विचारते: प्रशिक्षणाचा फायदा जुलैत मागे असलेल्या मुलांना जास्त झाला का, हे बघायचं आहे. त्यासाठी जुलैच्या गुणांना रँडम स्लोप द्यावा लागेल ना, म्हणजे त्या गुणांचा परिणाम शाळेगणिक वेगळा असू द्यावा लागेल ना? २४ शाळांवर तो पेलेल का?

प्रतिसाद २

द्यायला हवा, पण आधी इंटरसेप्ट आणि स्लोप यांच्यातला सहसंबंध काढून टाकून बघा. तरीही सिंग्युलर आलं तर इथे आकडे टाका, मिळून बघू.