मदत हवी आहे : औषधाच्या दुष्परिणामाची नोंद कोणी केली आहे का?

आईला (वय 67) बीपीसाठी रामिप्रिल सुरू झालं आणि महिन्याभरात कोरडा खोकला मागे लागला. रात्री उठून बसायची. चार महिने कफ सिरप, छातीचा एक्सरे, हळद-दूध, सगळं झालं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बीपीची गोळी कोणती?" गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली, तीन आठवड्यांत खोकला गेला.

रामिप्रिलच्या गटातल्या गोळ्यांनी शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य साठतं आणि त्याने खोकला येऊ शकतो, हे म्हणे जुनं आणि माहितीतलं आहे. मग आम्हालाच कुणी का नाही सांगितलं? केमिस्ट दहाच्या पट्टीतून सहा गोळ्या कापून देतो, माहितीपत्रक कुठून मिळणार? आणि मिळालं तरी मुंगीएवढ्या अक्षरातलं इंग्रजी. आई सातवी शिकलेली.

गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) रुग्णालाही तक्रार नोंदवता येते, हेल्पलाइन 1800-180-3024, एवढं कळलंय. मराठी फॉर्मही आहे म्हणतात. कोणी भरलाय का? गोळीचा बॅच नंबर नसेल तर चालतं का? पट्टी कधीच फेकून दिली. पुढे काही कळवतात का?

आणि इथे कोणी डॉक्टर किंवा फार्मासिस्ट असाल तर खरं सांगा, दुष्परिणाम आधी सांगितले तर पेशंट गोळीच सोडून देईल, ही भीती असते का? आमच्या पहिल्या डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही.