अनुभव धागा: डोंगरात पळताना फोन, रेंज आणि घरी वाट पाहणारी माणसं

गेल्या श्रावणात राजगड ते तोरणा पळत गेले. मैत्रीण ऐन वेळी तापाने पडली, म्हणून एकटीच. पद्मावती माचीवर चांगली रेंज होती. तिथून नवऱ्याला कळवलं, "निघाले, दोनपर्यंत वेल्ह्यात." संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरून सोंडेला लागले आणि धुकं उतरलं. वाट चुकले, मागे फिरले, पुन्हा चुकले. नकाशा बघायला फोन काढला तर बॅटरी 9 टक्के. सकाळी 90 होती. सॅकमध्ये पडून तो इतका वेळ नुसती रेंज शोधत होता. बुधला माचीच्या चढावर बंदच पडला.

वेल्ह्यात पोचले तेव्हा साडेपाच वाजले होते. एका हॉटेलवाल्या काकांनी काही न विचारता आपला फोन हातात दिला, आणि मला नवऱ्याचा नंबर आठवेना. बारा वर्षं रोज लावते, पण लावते ते नावावर बोट ठेवून. तोंडपाठ होता तो साताऱ्याच्या माहेरचा लँडलाइन, शाळेत असल्यापासूनचा. आईने उचलला. "कुठे आहेस गं? जावईबापू गाडी काढून तुला शोधायला निघालेत."

आता तीन नंबर कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवते आणि पळताना ते पाठ म्हणते. तुमचं काय? काय फसलं, काय कामाला आलं, सविस्तर लिहा. घरी थांबणाऱ्यांनीही जरूर लिहा.

नाशिकहून

मी मोबाइल टॉवरच्या देखभालीचं काम करतो आणि रविवारी बारी गावातून कळसूबाई पळत चढतो. टॉवरचे अँटेना माणसं राहतात त्या बाजूला, गावाकडे नि रस्त्याकडे, थोडे खाली झुकवून लावलेले असतात. मध्ये डोंगर आला की त्याच्यामागे सावली पडते. म्हणून घळीत, नाळेत रेंज जाते आणि खिंडीत आलं की परत येते. 1646 मीटरच्या माथ्यावर मात्र लांबलांबचे टॉवर दिसतात, फोनवर दांड्याही असतात, तरी कॉल लागत नाही. टॉवर दांडगा, त्याची हाक तुमच्यापर्यंत येते. तुमच्या एवढ्याशा फोनची त्याच्यापर्यंत जात नाही. टू-जीमध्ये तर साधारण 35 किलोमीटरच्या पलीकडचा फोन टॉवर घेऊच शकत नाही, सिग्नल कितीही चांगला असो.

ताईंच्या फोनचं झालं ते रोजचंच. टॉवर सापडेना की फोन जोर लावून शोधत राहतो आणि बॅटरी खातो. फ्लाइट मोड लावून ठेवा. जीपीएस त्यातही चालतं, कारण फोनला उपग्रहाचं फक्त ऐकायचं असतं. आधी डाउनलोड केलेला नकाशाही चालतो. उंचवट्यावर आलात की दोन मिनिटं मोड काढा. एकच दांडी असेल तर कॉलचा नाद सोडा, व्हॉट्सअॅपचाही. साधा एसएमएस करा आणि त्यात अक्षांश-रेखांश लिहा. त्याला लागते क्षणभराची जोडणी, ती मिळते. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी आणीबाणीचा 112 लावून बघा. तिथे दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नेटवर्क असेल तर त्यावरून लागतो.

आणखी एक. पावसाळ्यात गावची लाइट गेली की टॉवर बॅटरीवर जातो आणि ती काही तासांत उतरते. गेल्या रविवारी होती म्हणून या रविवारी रेंज असेलच असं धरू नका.

मंचरहून

आहुपे ते भीमाशंकर, जुलै. सोबतच्या पोराचा पाय मुरगळला, टेकवेना. जवळच्या वाडीतले एक मामा गुरं घेऊन चालले होते. "रेंज पायजे का? चला." एका जांभळीपाशी नेलं. खोडाला खिळे ठोकून पत्र्याचा डबा बसवलेला, वर प्लास्टिकचा कागद. वाडीतल्या सगळ्यांचे फोन तिथे बोलतात. फोन डब्यात ठेवायचा, स्पीकर लावायचा आणि हलवायचा नाही.

रेंज आली, पण ओल्या बोटाला स्क्रीन दाद देईना. थेंब पडला की भलतंच काहीतरी उघडायचं. टीशर्ट भिजलेला, रुमाल भिजलेला, सॅकसुद्धा. मामांनी घोंगडीखालून कोरडी टोपी काढली, आधी माझं बोट पुसलं, मग काच. तेव्हा कुठे फोन लागला.

तेव्हापासून सॅकमध्ये बटणांचा साधा फोन असतो, त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम. स्मार्टफोन झिपलॉकमध्ये, सोबत कोरडा सुती तुकडा. आणि वाडी लागली की विचारतो, इथे रेंज कुठे येते? गावाला नक्की माहीत असतं.

लेहमधून परतलेला

खारदुंग ला चॅलेंज, 72 किलोमीटरची शर्यत. लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. मला हे लेहच्या विमानतळावर उतरल्यावर कळलं. थंडीने बॅटरीही झपाझप उतरते. फोन बाहेरच्या खिशात नको, अंगालगत ठेवा.

शेफील्डहून

इकडे इंग्लंडमध्ये लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात पळते. फेल रेसला, म्हणजे डोंगरातल्या पळण्याच्या शर्यतीला, निघताना सामान तपासतात: नकाशा, होकायंत्र, शिट्टी, अंगभर पावसाळी कपडे, खाणं. सुरुवातीला मला वाटायचं, फोन असताना शिट्टी कशाला. मग एकदा ढगात सापडले आणि शंभर पावलांवरची मैत्रीण मला फक्त शिट्टीने सापडली. मदतीची खूण म्हणजे मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, आणि पुन्हा. इकडच्या आणीबाणीच्या 999 वर एसएमएसने मदत मागता येते, पण नंबर आधी नोंदवावा लागतो. 'रजिस्टर' असा शब्द 999 ला पाठवायचा. घरी बसूनच करा. सह्याद्रीत येते तेव्हाही शिट्टी सॅकच्या पट्ट्याला असते.

पणजीहून

उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र परदेशातून मागवावं का, असं मला बरेच जण विचारतात. कृपा करून मागवू नका. भारतात सॅटेलाइट फोन किंवा असं यंत्र सरकारी परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर 2024 मध्ये कॅनडाची एक धावपटू आमच्या गोव्याच्या विमानतळावर याच कारणाने अडकली. तिकडे ते यंत्र जीव वाचवणारं सामान म्हणून सर्रास बाळगतात. डोंगरात जाणाऱ्यांसाठी परवानगीचा सोपा मार्ग निघायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

ठाण्याहून

मी पळत नाही, मी वाट पाहते. तुम्हाला तिकडे वारा असतो, वाट असते, पुढचं पाऊल कुठे टाकायचं याचा विचार असतो. इथे फक्त एक राखाडी टिक असते. मेसेज गेला, पोचला नाही. दर दहा मिनिटांनी फोन उघडून ती टिक बघितली आहे मी.

एकदा आमचं यावरून कडाडून भांडण झालं आणि मग आम्ही कागदावर लिहून काढलं. निघण्याआधी ते सगळी वाट लिहून देतात: कुठून चढणार, कुठे उतरणार, अडचण आली तर मधूनच उतरायची वाट कुठली. पायथ्याच्या ओळखीच्या माणसाचा नंबर देतात. आणि एक शेवटची वेळ. "पोचल्यावर फोन करतो" हे वाक्य आमच्या घरात बंद आहे. त्या वेळेपर्यंत मी एकही फोन करत नाही, म्हणजे त्यांची बॅटरी राहते आणि माझाही जीव जागेवर राहतो. वेळ टळली की आधी गावातल्या माणसाला फोन, मग 112 आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन. "थांबू अजून थोडं" असं म्हणायचं नाही, हेही लिहिलंय.

परवा ते रतनगडला गेले होते, शेवटची वेळ पाचची. पावणेपाचला कागद काढून समोर ठेवला, चष्मा लावला. 4:52 ला दुसरी टिक आली. मग कुकर लावला.