मुखपृष्ठासोबत मलपृष्ठही बघा

जुन्या अमेरिकन पेपरबॅक रहस्यकथांबद्दल 'ही पुस्तकं मुखपृष्ठासाठी घ्यायची, आत काही नसतं,' असं एकांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. फॉसेट या अमेरिकन प्रकाशन कंपनीची 'गोल्ड मेडल' मालिकाच घ्या. १९५०च्या दशकात तिथे कादंबऱ्या थेट पेपरबॅकमध्येच पहिल्यांदा छापल्या जात आणि मानधन विकलेल्या नव्हे, तर छापलेल्या प्रतींवर मिळे. म्हणून जॉन डी. मॅकडोनाल्ड, चार्ल्स विल्यम्स, डेव्हिड गुडिस असे दमदार लेखक तिथे आले. गुडिस तर वाचाच. त्याची हरलेली माणसं मनातून जाता जात नाहीत.

चित्रांत माझा जीव मात्र 'डेल' या दुसऱ्या अमेरिकन प्रकाशकाच्या चाळीसच्या दशकातल्या पुस्तकांवर. पुढे जेराल्ड ग्रेगची एअरब्रशने, म्हणजे रंगाच्या बारीक फवाऱ्याने, रंगवलेली गुळगुळीत, काहीशी स्वप्नातली चित्रं, आणि पाठीमागे चक्क घटनास्थळाचा रंगीत नकाशा! कुठे बंगल्याचा आराखडा, कुठे अख्खं गाव. यातले बरेच नकाशे रूथ बेल्यू यांनी काढले. वाचताना मी सारखं पुस्तक उलटून पाहतो: खुनी या दारातून गेला असेल की त्या? नंतरच्या काळात चित्रकार रॉबर्ट मॅकगिनिसची देखणी चित्रं आली, पण नकाशे गेले ते गेलेच.

नव्याने जमवणाऱ्यांना एकच सांगेन. कव्हरवरची पारदर्शक पापुद्र्यासारखी फिल्म कडेला सुटली असेल तर ओढू नका, खालचा रंगही निघतो. चिकटपट्टी तर नकोच. आणि कण्याचा डिंक वाळलेला असतो, तेव्हा पुस्तक सपाट उघडू नका, अर्धवट उघडूनच वाचा.