मदत हवी आहे: ऑफिसची पब्लिक की समोरच्यापर्यंत खात्रीने कशी पोचवायची?

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्याला आमचं छोटं भाषांतराचं ऑफिस आहे. जर्मनीतले एक वकील कागदपत्रं पाठवण्याआधी आमची ओपनपीजीपी पब्लिक की (ईमेल कुलूपबंद करायची, कुणालाही देता येणारी डिजिटल किल्ली) मागतायत. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये की तयार केली (२०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ही सोय आतच आहे, एनिग्मेल हे वेगळं अॅड-ऑन लागत नाही). प्रायव्हेट कीचा (कुलूप उघडणारी, आमच्याकडेच राहणारी किल्ली) बॅकअप पासवर्ड लावून पेनड्राइव्हवर ठेवलाय.

घोडं अडलंय पुढे. की नुसती ईमेलला जोडली, तर ती आमचीच कशावरून? वाटेत कुणी बदलली तर? म्हणून कीचा ४० अक्षरी फिंगरप्रिंट (तिची ओळखखूण) फोनवर वाचून दाखवणार आहे. व्हिजिटिंग कार्डावरही छापायचा विचार आहे. गोखले रोडवरचा छपाईवाला म्हणाला, "मॅडम, जीएसटी नंबर एवढा लांबलचक?"

कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग हा पब्लिक की शोधून देणारा सर्व्हर ईमेल पत्त्याची खातरजमा केल्यावरच तो पत्ता कीसोबत दाखवतो, नंतर काढूनही टाकता येतो. हे पटलं. एसकेएस या जुन्या प्रकारच्या की-सर्व्हरवर गेलेली की पुसता येत नाही, शिवाय २०१९ मध्ये तिथे काही कींवर डिजिटल सह्यांचा ढीग लादून त्या निकामी केल्या होत्या. तिकडे जाणारच नाही.

पण आमच्या स्वतःच्या डोमेनवर डब्ल्यूकेडी (वेब की डिरेक्टरी, म्हणजे समोरच्याच्या ईमेल प्रोग्रामला आपल्याच वेबसाइटवरून की मिळण्याची सोय) लावता येईल का? होस्टिंग साधं शेअर्ड आहे. आणि कीची मुदत तुम्ही किती ठेवता, एक वर्ष की दोन? वाढवली की सगळ्यांना नवी प्रत धाडत बसायचं का?

ठाणे-नवी मुंबईत कुणी हे रोज वापरत असेल तर कृपया सांगा. प्रत्यक्ष आलात तर चहा आमच्याकडून. "व्हॉट्सअॅपवर पाठवून टाका ना" हा सल्ला मात्र मिळून झालाय.