मदत हवी आहे: युनिसायकलला (एकचाकी सायकल) सीटच्या पुढे हँडल लावावं की आधी सीट बदलावी?

चाक ३६ इंची, क्रँक (पेडलचा दांडा) १२७ मिमी, सीटपोस्ट (सीटखालची नळी) २७.२ मिमी. पुणे-पानशेत रस्त्यावर पंधराएक किलोमीटर झाले की मांडीच्या सांध्यापासून खाली सगळं बधिर! उतरून दोन मिनिटं चाललं की मुंग्या येतात, मग ठीक.

पॅडवाली शॉर्ट्स आहे. सीटचं नाक थोडं वर केलं, पोस्ट सेंटीमीटरभर खाली घेतली, फरक जेमतेम. जेल कव्हर मात्र घेऊ नका, सरकतं आणि जास्त घासतं.

बाहेरून हँडल मागवणं परवडत नाही, ओळखीच्या वेल्डरकडून पाइपचं करून घेईन. सीटच्या तळाला चार बोल्ट आहेत. लांब पल्ला मारणाऱ्यांनी सांगा: मूठ सीटच्या नाकापुढे किती इंच आणि किती उंचीवर ठेवली, म्हणजे हातांवर भार येईल पण गुडघे आपटणार नाहीत?