अनुभव धागा: लोकांमध्ये मिसळणं हे 'खरं पोलिसकाम' आहे का?

निवृत्त_फौजदार
परवा नव्या भरतीच्या पोरांशी बोलायला गेलो होतो. एकाने विचारलं, "सर, लोकांशी गप्पा मारायला पोलीस झालो का?" आमच्या वेळी हजेरीत हेच ऐकू यायचं. धरपकड केली की शाबासकी, जनसंपर्क हलकं काम.
माझ्या बीटवर, म्हणजे मला नेमून दिलेल्या भागात, एक म्हातारबाबा होते. खबरी वगैरे नव्हेत. पण गल्लीत कुणाचं कुणाशी बिनसलंय ते त्यांच्या बोलण्यात यायचं. त्यातूनच दोन भावांचं जागेचं भांडण कोयत्यापर्यंत जायच्या आत मिटवलं. स्टेशन डायरीत काय लिहिणार? गुन्हा घडलाच नाही!
वर्दीतल्यांनी, घरच्यांनी, सगळ्यांनी लिहा.

बीट_अंमलदार
डायरीचं अगदी खरं. वर मीटिंगचे फोटो जातात, मिटलेली भांडणं जात नाहीत. त्यात बंदोबस्त लागला की बीट सुटलंच. लोक नावाने हाक मारायला लागतात तोवर बदलीची ऑर्डर.

शिपाई_ताई
शाळेत बोलायला, बायकांच्या बैठकीला कायम आम्हीच. काम आवडतं हो, मनापासून. पण तपास मागितला की "तुम्ही त्यातच बऱ्या". महत्त्वाचं आहे तर पुरुष अंमलदारांनाही पाठवा ना.

वाचनवेडा
भिवंडी विसरू नका. १९८४ ला तिथे भीषण दंगल झाली होती. पुढे सुरेश खोपडे उपायुक्त असताना मोहल्ला कमिट्या झाल्या, हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांची माणसं पोलिसांसोबत नियमित बसू लागली. १९९२-९३ ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

निवृत्त_फौजदार
@वाचनवेडा अगदी! @ताई, पटलं. हे साहेब लोकांनी वाचायला हवं.

आकडेवाला
अमेरिकेत न्यूअर्कला १९७८-७९ मध्ये पायी गस्तीचा प्रयोग झाला. गुन्हे फारसे घटले नाहीत, पण लोकांना सुरक्षित वाटू लागलं. आणि पायी फिरणाऱ्या पोलिसांचं लोकांबद्दलचं मतही गाडीतल्यांपेक्षा चांगलं निघालं. मला हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

पोलिसाची_लेक
पायी गस्तीवरून आठवलं, बाबांचे गुडघे त्यातच गेले. रात्रपाळीहून आले की बूट काढायलाही वाकवत नसे, मी काढायचे. लोकांशी बोलणारा माणूस घरी मात्र गप्प असायचा.

बीट_अंमलदार
ताई, वाचून गलबललं. आता कसे आहेत काका?

पोलिसाची_लेक
ऑपरेशन झालं, चालतात आता. @शिपाई_ताई तुमचे बूट कसे आहेत? मापाचे मिळतात का?

शिपाई_ताई
नाही गं, स्वतःच घेतले. ड्युटी लागली, नंतर लिहिते.