मदत हवी आहे : लोकांशी बोलायचं सरकारी काम, आता कंपनीमार्फत करू की स्वतःची फर्म काढू?

नमस्कार मंडळी. जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी मूळची शिरोळ तालुक्यातली, सध्या कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. शिवाजी विद्यापीठातून पत्रकारिता केली, तीन वर्षं पेपरात बातमीदारी, मग सहा वर्षं एका सरकारी कार्यालयात 11-11 महिन्यांच्या करारावर आयईसी सल्लागार. आयईसी म्हणजे माहिती, शिक्षण, संवाद. आई शेजारणीला 'सरकारात आहे' एवढंच सांगते. शौचालयं, नळपाणी, आणि पूर आला की पूर. यंदा मार्चला करार संपला, पुढचा आदेश निघालाच नाही.

आता पुण्याच्या एका सल्लागार कंपनीचा फोन आलाय. पूरनियंत्रणाच्या कामासाठी नदीकाठच्या गावांतून लोकांचं म्हणणं गोळा करायला स्थानिक माणूस हवाय, सीव्ही पाठवा म्हणतात. मैत्रीण म्हणते, कशाला दुसऱ्याच्या हाताखाली, स्वतःची फर्म काढ.

माझी अडचण वेगळीच आहे. माझं काम कागदावर दिसतच नाही.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शेंबडं पोरगंही सांगेल. पण बंधारा इथं आणि आमची गावं खाली, कृष्णा-पंचगंगेच्या पोटात. 'पातळी 41 फूट, नागरिकांनी सतर्क राहावे' असा मेसेज आला की गल्लीतली म्हातारी विचारणार, "व्हय, पण माझ्या उंबऱ्याला कवा लागणार?" 2019 ला याचं उत्तर आमच्याकडं नव्हतं. नंतर एका गावात 2005, 2019 आणि 2021 चं पाणी कुठवर चढलं होतं ते जुन्या माणसांना विचारत फिरलो. शाळेची भिंत, देवळाचा खांब, दूध डेअरीचं दार, सगळीकडं ऑइलपेंटनं रेघा मारल्या आणि त्या वेळी बंधाऱ्याला किती फूट होतं ते शेजारी लिहिलं. रेघ कुठं मारायची यावरून दोन भावकीत भांडण लागलं, ते मिटवण्यात एक अख्खा दिवस गेला. पण त्या भांडणातच गाव गोळा झालं, हेही खरं.

दुसरी गोष्ट म्हशींची. 'सुरक्षित स्थळी स्थलांतर करा' असं भोंग्यावरून कितीही ओरडा, दावणीला दोन म्हशी असलेला माणूस हलत नाही. मग आम्ही 'स्थलांतर' हा शब्दच काढून टाकला. जनावरं कुठं बांधायची, वैरण कोण देणार, दूध कुठं घालायचं, एवढंच पुकारलं. निम्मी गल्ली दुपारीच निघाली.

यावरचा अहवाल : बॅनर 2, पत्रके 400, सभा 1. रकाने तेवढेच होते.

तर हा अनुभव कुणाला दाखवायचा कसा? फर्म काढू की नुसता सीव्ही देऊ? इथल्या सायबर कॉलेजात एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करावी का? आणि मनातलं एक : ज्या गावात जेवले, तिथल्या लोकांनी उद्या "ताई, तूबी त्यांच्यातलीच निघालीस" म्हणू नये.

प्रतिसाद, निविदाग्रस्त :
ताई, फर्मची घाई करू नका. बहुतेक मोठ्या निविदांत मागच्या तीन वर्षांची उलाढाल मागतात, नव्या फर्मकडं ती कुठून असणार? लहान उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट आहे, तेवढी करून ठेवा.

सल्लागाराची निवड बऱ्याचदा गुणवत्ता आणि दर यांच्या एकत्र गुणांवर होते. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत गुणवत्तेला 80 टक्क्यांपर्यंत वजन देता येतं, आणि त्यातले बरेच गुण प्रमुख तज्ज्ञांच्या सीव्हीला असतात. म्हणजे कंपनीला तुमचा कागद हवाय, तुम्ही हव्यात की नाही ते नंतर कळेल. सीव्ही जोडून काम मिळवायचं आणि गावात भलत्यालाच पाठवायचं, हा प्रकार मी स्वतः सोसलाय. आधी लेखी घ्या : पद कुठलं, किती दिवस, काय दर, आणि कंपनीचं बिल अडकलं तर तुमचं अडकणार का.

घटनेनं ग्रामपंचायतीकडं किंवा पालिकेकडं सोपवलेल्या कामांसाठी सरकारला थेट दिलेल्या निव्वळ सेवेला (म्हणजे सोबत माल नसेल तर) जीएसटी माफ असतो. खासगी कंपनीला बिल केलंत की ती सवलत धरू नका. सेवांना जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची उलाढाल आहे, त्यामुळं सुरुवातीला बहुधा प्रश्न येणार नाही. तरी सीएला विचारा.

प्रतिसाद, पेठेतला :
एमएसडब्ल्यू नंतर बघा. आधी जुन्या कार्यालयातून सहाही वर्षांचं अनुभव प्रमाणपत्र काढा, त्यात नुसता हुद्दा नको, केलेलं काम लिहून घ्या. साहेब बदलले की कुणी ओळख दाखवत नाही. रेघांचे फोटो आहेत ना? ग्रामपंचायतीकडून एक पत्र घ्या, ते शंभर बॅनरांना भारी पडेल.

प्रतिसाद, करवीर-काठ :
शेवटच्या प्रश्नावर बोलतो. कंपनीला एकच विचारा : लोक नको म्हणाले तर आराखड्यात काय बदलू शकतं? पूरभिंतीची जागा, उंची, मोरी, काहीतरी? उत्तर 'काहीच नाही' असेल तर ती जाहिरात आहे, तसाच दर लावा किंवा सोडा. पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीला 2006 च्या अधिसूचनेनुसार किमान 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते. पण आराखडा इंग्रजीत कार्यालयात ठेवला तर ते 30 दिवस असून नसल्यासारखे. मराठी सारांश आणि नकाशावर गट नंबर, ही अट तुम्हीच घाला. आणि कोल्हापूर आहे ताई, आंदोलन करून टोल घालवलेलं गाव. इथं गोड बोलून काही खपत नाही.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. प्रमाणपत्राचा अर्ज आजच टाकून आले, खिडकीवरच्या भाऊंनी "परत आलासा व्हय?" म्हणून चहा पाजला. बदल काय होऊ शकतो ते कंपनीला मेलवर विचारलंय. तिकडून उलट एवढंच आलं, "दिवसाचा दर कळवा". करारात महिन्याचा पगार घेणाऱ्या बाईनं दिवसाचा दर काढायचा कसा, प्रवास आणि अहवाल लिहायचे दिवस त्यात धरायचे का? कुणी केलं असेल तर आकड्यासकट सांगा, इथं नको असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.